परदेशात इंजिनिअरिंगचं एम.एस.: प्रवेशाची शक्यता कशी जोखायची?



बारावीनंतरच्या प्रवेशाची आपल्याला चांगली ओळख असते. सीईटीचं पर्सेंटाइल, मागच्या वर्षीचा कटऑफ, कॅप राउंड. कटऑफची यादी उघडली की आपल्या मुलाचा नंबर कुठे लागेल याचा अंदाज घरबसल्या येतो. तेच मूल चार वर्षांनी बी.ई. होऊन अमेरिकेत एम.एस. करायचं म्हणतं, तेव्हा आपण पुन्हा कटऑफच शोधतो. "जी.आर.ई. ३२५ आहे, सीजीपीए ८.४ आहे, कुठे मिळेल?" सल्ला केंद्रातले साहेब लॅपटॉपवर आकडे टाकतात आणि सांगतात, "या विद्यापीठात ९० टक्के चान्स." त्या एका वाक्यावर घर तारण ठेवून चाळीस-पन्नास लाखांच्या कर्जाची तयारी सुरू होते. म्हणून हे ९० टक्के येतात कुठून, ते समजून घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत एम.एस.साठी कटऑफ लागत नाही. अर्ज त्या त्या विभागाची समिती वाचते. त्यात मार्क, विषय, प्रकल्प, उद्देशपत्र म्हणजे एस.ओ.पी. आणि बहुधा तीन शिफारसपत्रं असतात. संकेतस्थळावर 'किमान जीपीए ३.०' असं लिहिलेलं असतं, तो फक्त दरवाजा. आत खुर्च्या किती आणि दरवाजातून आलेले किती, हे त्यावरून कळत नाही. जी.आर.ई.च्या गणित विभागात १७० पैकी १६८ मिळाले की घरात पेढे वाटले जातात. वाटावेतही! पण इंजिनिअरिंगच्या अर्जदारांत असे गुण असणारे भरपूर असतात. शिवाय आता बऱ्याच विभागांनी ही परीक्षा ऐच्छिक केली आहे किंवा बंदच केली आहे.

दुसरं, 'विद्यापीठ' हा शब्द इथे फसवा आहे. एकाच विद्यापीठात संगणक विज्ञानाला प्रचंड गर्दी असते, तर सिव्हिल किंवा मटेरियल्सला त्या मानाने बरीच कमी. एमआयटीच्या विद्युत अभियांत्रिकी व संगणक विज्ञान विभागात तर बाहेरून येणाऱ्यांसाठी नुसतं एम.एस. नाहीच, अर्ज थेट पीएच.डी.साठी करायचा. म्हणून "एमआयटीत चान्स किती?" असं न विचारता "कोणत्या विभागात, कोणत्या पदवीसाठी?" असं विचारायचं. पुढचा फरकही महत्त्वाचा आहे. पीएच.डी.ला सहसा विद्यापीठ पैसे देतं, म्हणून तिथे एकेका जागेसाठी कस लागतो. अभ्यासक्रमावर आधारित मास्टर्सचे पैसे विद्यार्थी भरतो.

आता गणिताकडे येऊ. मुलं म्हणतात, "दहा टक्के चान्स असलेल्या दहा ठिकाणी अर्ज टाकतो, एक तरी मिळेलच." आधी सरळ हिशोब करू. एका ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता ०.९. दहाही ठिकाणी नकार म्हणजे ०.९ ला दहा वेळा गुणायचं. उत्तर येतं साधारण ०.३५. म्हणजे निदान एक होकार मिळण्याची शक्यता ६५ टक्के, 'मिळेलच' नव्हे. पण हे ६५ टक्केसुद्धा खरे नाहीत. हा हिशोब फासा दहा वेळा टाकण्याचा आहे, आणि फाशाला मागचं दान आठवत नसतं. इथे मात्र एकच उत्तरपत्रिका दहा परीक्षक तपासत आहेत. उद्देशपत्र मोघम असेल, मुख्य विषयात केटी असेल, तर ते दहाही जणांना दिसणार. एकाचा नकार दुसऱ्याच्या नकाराशी जोडलेला असतो, म्हणून खरी शक्यता ६५ पेक्षा कमीच धरावी. शिवाय ते मूळचे दहा टक्के म्हणजे जगभरातल्या सगळ्या अर्जदारांची सरासरी, आपल्या मुलाची शक्यता नव्हे.

इंटरनेटवर 'मला प्रवेश मिळाला' अशा याद्या असतात, त्या वाचतानाही सावध राहा. मिळालेला माणूस उत्साहाने लिहितो, नकार आलेला गप्प बसतो. एखाद्या यादीत ८.० सीजीपीएवाले पंधरा जण दिसले, तरी ८.० असूनही नकार मिळालेले किती, हे तिथे नसतं.

मग उपयोगी माहिती कुठे मिळते? स्वतःच्या कॉलेजात. त्याच शाखेतून गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच अभ्यासक्रमाला कोण गेलं आणि कोणाला नकार आला, हे सिनिअरकडून समजून घ्या. काही विद्यापीठांत ९ सहज मिळतात, काही ठिकाणी ८.२ वाला वर्गात पहिला असतो. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा वर्गातला क्रमांक जास्त बोलतो.

शिफारसपत्राबद्दल मला जरा जास्तच बोलावंसं वाटतं, कारण हा आपला प्रांत आहे. आपण आकारिक मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी लिहितो. 'अभ्यासू आहे, शिस्तप्रिय आहे' या नोंदीतून मूल दिसत नाही. 'अपूर्णांकांची बेरीज चित्र काढून समजावून सांगतो' यातून दिसतं. तिकडची समिती पत्र असंच वाचते. आपल्याकडे पुष्कळदा विद्यार्थीच मजकूर लिहून आणतो आणि सर सही करतात. मग तिन्ही पत्रांची भाषा एक आणि तिन्ही पोकळ. ज्या सरांनी प्रकल्प प्रत्यक्ष पाहिला, त्यांनी चार ठोस ओळी लिहिल्या तर त्या विभागप्रमुखांच्या भारी सहीपेक्षा जास्त कामाच्या.

जर्मनीत अंदाज थोडा सोपा आहे. तिथे भारतीय गुणांचं रूपांतर एका सूत्राने करतात. कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, ३ ने गुणा आणि १ मिळवा. ८.२ सीजीपीए, कमाल १०, उत्तीर्ण ४ असेल तर १.८ भागिले ६ म्हणजे ०.३, गुणिले ३ म्हणजे ०.९, अधिक १ म्हणजे १.९. तिकडे १ उत्तम आणि ४ काठावर पास, तेव्हा १.९ पाहून दचकू नका! ७.० सीजीपीएचे २.५ होतात आणि अनेक अभ्यासक्रमांची अट २.५ च्या आसपास असते. पण ग्रेड बसला तरी विषय जुळावे लागतात. मेकॅनिकलच्या मुलाने संगणक विज्ञानाला अर्ज केला तर आधीच्या विषयांचे क्रेडिट कमी पडून नकार येतो. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हेही आता सरसकट खरं नाही. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो.

सल्ला केंद्रात जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. कागदपत्रांची मदत होते. पण एक प्रश्न तोंडावर विचारा: "या यादीतल्या कोणत्या विद्यापीठांकडून तुम्हाला कमिशन मिळतं?" '९० टक्के'वाली नावं बऱ्याचदा तिथलीच निघतात.

यादी मुलालाच करू द्या. काही नावं स्वप्नातली, काही बरोबरीची, काही बऱ्यापैकी खात्रीची. मात्र खात्रीच्या नावांपुढे दोन वर्षांचा पूर्ण खर्च लिहायला सांगा आणि विचारा, "फक्त हेच मिळालं तर एवढं कर्ज काढून जाशील का?" उत्तर नाही आलं तर ते नाव आत्ताच खोडा. अमेरिकेत अनेक ठिकाणी नुसत्या अर्जाची फी पाऊणशे ते सव्वाशे डॉलर आहे.