दोन इमारतींमध्ये इंटरनेटची केबल: तांब्याची नको, फायबरची घ्या

मशिदीच्या आवारात मुलांसाठी अभ्यासिका निघते, चंद्यातून चार-सहा कॉम्प्युटर येतात आणि मग प्रश्न उरतो इंटरनेटचा. कनेक्शन असतं समोरच्या शाळेत. ओळखीचा एखादा मुलगा म्हणतो, "सर, कशाला दुसरं कनेक्शन? लॅन केबल ओढून टाकतो." केबल लागते, नेटही सुरू होतं. खरी परीक्षा वळवाच्या पावसात होते.

लॅन केबलमध्ये आठ धातूच्या तारा असतात. दोन इमारतींचे मीटर वेगळे, अर्थिंगही वेगळं. जवळपास वीज पडली की तिथल्या जमिनीचा व्होल्टेज क्षणभर प्रचंड वाढतो. एका इमारतीच्या अर्थिंगवर तो जास्त चढतो, दुसरीच्या कमी. या फरकाला वाट लागते आणि केबल टाकून ती वाट आपणच करून दिलेली असते. वीज थेट इमारतीवर पडायची गरज नाही. लॅन पोर्टमधला छोटा ट्रान्सफॉर्मर साधारण दीड हजार व्होल्टपर्यंत तग धरतो, विजेपुढे ते काहीच नाही. स्विच, राउटर आणि त्यांना जोडलेले कॉम्प्युटर एका फटक्यात जाऊ शकतात. लोकांचा पैसा असतो तो, परत मागायला कुठल्या तोंडाने जायचं?

काही जण म्हणतात, अर्थिंग चांगलं करून घेऊ. जरूर घ्या, पण महाबळेश्वर-पाचगणीकडच्या जांभ्यात आणि कातळात चांगलं अर्थिंग मिळणंच अवघड. आणि अर्थिंग दोन्हीकडे उत्तम असलं तरी मधला फरक संपत नाही.

उपाय साधा आहे. दोन इमारतींच्या मध्ये फायबर टाका. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाची छोटी डबी लागते. एकाच धाग्यावर चालणाऱ्या डब्या जोडीने येतात, एक 'ए' आणि एक 'बी'. दुकानातून दोन्ही 'ए' आणल्या तर नेट चालणार नाही. जोडणी ब्रॉडबँडवाल्याकडून मशीनवर करून घ्या, आणि फायबरच्या टोकात डोळा लावून कोणी बघू नये, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला घातक ठरू शकतो. एक बारकावा: घरोघरी येणाऱ्या फायबरमध्ये बऱ्याचदा आधाराला स्टीलची तार असते. ती इमारतीबाहेरच कापून थांबवा, नाहीतर विजेला पुन्हा वाट मिळाली. धातू नसलेली फायबर मिळाली तर उत्तमच.

लांबीचाही हिशोब आहे. लॅन केबल 100 मीटरपर्यंतच चालते, फायबरला गावातल्या अंतराची चिंता नाही. इमारतीच्या आत लॅन केबल वापरताना ती शुद्ध तांब्याची आहे का बघा. ब्लेडने तार खरवडली आणि आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, परत करा.

फायबर रस्त्यावरून न्यायची असेल तर आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची परवानगी. महावितरणच्या खांबाला परस्पर बांधू नका. कडेगावचे उंच ताबूत सगळ्यांना माहीत आहेत. जिथून मिरवणूक किंवा उसाची गाडी जाते, तिथे केबल लोंबकळता कामा नये. शक्य असेल तिथे पाइपातून जमिनीखालून घ्या.

सांगलीकरांना पुराचं वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. कन्व्हर्टर आणि स्विचची पेटी तळमजल्यावर ठेवूच नका.

ज्यांनी लॅन केबल आधीच ओढली आहे, त्यांनी फायबर येईपर्यंत ढग दाटून यायच्या आत केबल दोन्ही टोकांना काढून ठेवावी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं. मात्र कडकडाट सुरू झाल्यावर केबल काढायला मुलांना पाठवू नका. तेव्हा तिला हात लावणं जिवावर बेतू शकतं.