मांजराचं पोट बिघडलं तर

आमच्या बचत गटाच्या धान्याच्या खोलीत उंदरांनी पोती कुरतडली, म्हणून आम्ही एक बोका पाळला. दोन वर्षं त्यानं धान्य राखलं. एकदा तो सारखा राखेत जाऊन कुंथायला लागला. आम्हाला वाटलं, शौचाला होत नाही. एरंडेल पाजलं आणि वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तो गेला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पोट नव्हे, त्याची लघवी तुंबली होती. त्यानंतर त्यांना विचारून आम्ही जे शिकलो, ते आज सांगतो.

मांजर अधूनमधून ओकतंच. अंग चाटताना केस पोटात जातात आणि त्यांचा गोळा बाहेर पडतो. एखादी उलटी झाली, पण मांजर खातंय, हिंडतंय, तर घाबरू नका. पाणी समोर ठेवा. मीठ, मसाला, कांदा, लसूण न घालता उकडलेली कोंबडी थोडी थोडी द्या. कांदा-लसूण मांजराला विषच.

जुलाब होत असतील तर आधी दूध बंद करा. मांजर दुधावर जगतं असं आपण म्हणतो, पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही.

पिल्लाचं पोट फुगलेलं आणि अंग वाळलेलं दिसलं तर जंत असू शकतात. आईच्या दुधातूनही ते पिल्लाला होतात. औषध वजनावर ठरतं, म्हणून ते डॉक्टरांकडूनच घ्या.

आता थांबायचं कधी नाही, ते ऐका. मांजरानं २४ तास काहीच खाल्लं नाही, तर दवाखाना गाठा. उपाशी राहिलं की पोट सुधारेल, हे मांजराला लागू नाही. उपास लांबला की यकृतात चरबी साठते आणि जीव धोक्यात येतो. पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, रक्त पडत असेल, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या दिसत असतील, तरी त्याच दिवशी न्या. पिल्लाच्या अंगातलं पाणी तर फार लवकर आटतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतडं कापलं जातं. उंदराचं विष खाल्ल्याची शंका असेल तर विषाचं पाकीट सोबत न्या. आणि बोका कुंथतोय पण लघवी होत नाही, तर एक तासही घालवू नका.

घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. एका गोळीनंही ते मरू शकतं.

विष्ठा काढल्यावर हात साबणानं धुवा. गरोदर बाईनं हे काम दुसऱ्या कुणाला सांगावं.

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर विचारा. शेवटचं कधी खाल्लं, किती उलट्या झाल्या, लघवी कधी झाली, एवढं आठवून सांगा.

आमच्या खोलीत आता दुसरी मांजर आहे. ज्या बाईकडे किल्ली असते, ती रोज सकाळी आधी तिची वाटी रिकामी झाली का ते पाहते, मग पोती मोजते.