आस केवढा, उद्याची कोळंबी तेवढी

• जाळ्याच्या एका डोळ्याला ‘आस’ म्हणतात. तो ताणून मिलिमीटरमध्ये मोजतात.

• ट्रॉल जाळ्यातली मासळी शेवटी खोल्यात, म्हणजे शेपटीकडच्या पिशवीत जमते. म्हणून खोल्याचा आस निर्णायक.

• शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसताच मिटतो. चौकोनी आस उघडा राहतो आणि पिल्ले निसटतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने 40 मिमी चौकोनी आसाची शिफारस केली आहे.

• मोठ्या आसातून थोडी विकाऊ कोळंबीही निसटते, हा तोटा खरा. पण कोळंबी झपाट्याने वाढते. काही महिन्यांत तीच वजनाला भरते, अंडी घालते.

• जवळ्याची गोष्ट वेगळी: तो पूर्ण वाढूनही जेमतेम 2-3 सेंमी. त्यासाठी बारीक आसाची डोल जाळी लागते.