स्वतःच बांधलेल्या किल्ल्यासमोर
यादवीतली माणसं : लेखांक सहावा

१५ जानेवारी १८६१. फ्लोरिडा राज्याने अमेरिकी संघराज्यातून फुटून निघाल्याचं जाहीर करून पाचच दिवस झाले होते. पेन्साकोला बंदराच्या तोंडाशी सांता रोझा नावाचं लांबट, वाळूचं बेट आहे. तिथल्या फोर्ट पिकेन्सच्या धक्क्यावर फुटीरांचे दोन अधिकारी उतरले. समोर किल्ल्याचा तरुण सेनाधिकारी लेफ्टनंट अ‍ॅडम स्लेमर आणि त्याचा सहकारी गिलमन उभे होते. आलेल्यांपैकी ज्येष्ठ होता विल्यम हेन्री चेस. त्याच्या हातात किल्ला खाली करून देण्याची लेखी मागणी होती. चेस वाचू लागला आणि त्याचा आवाज कापायला लागला, डोळे भरून आले. आपल्याला हे वाचवत नाही असं म्हणून त्याने पाय आपटला आणि कागद सोबतच्या फॅरंडपुढे केला. फॅरंडकडे चष्मा नव्हता. शेवटी ज्यांनी शरण यावं अशी मागणी होती, त्यांच्यातल्याच गिलमनने ती मोठ्याने वाचून दाखवली.

हा किल्ला चेसनेच बांधला होता.

१८२९ ते १८३४ अशी पाच वर्षं, दोन कोटींहून अधिक विटा वापरून, अमेरिकी लष्कराचा इंजिनीअर अधिकारी म्हणून त्याने तो उभा केला होता. कुठली भिंत किती जाड आहे, दारूकोठार कुठे आहे, कुठल्या बाजूने हल्ला झाला तर किती माणसं पडतील, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. चेस काही दक्षिणेत जन्मलेला नव्हता. तो मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे अगदी उत्तरेचा. पण नोकरीने त्याला मेक्सिकोच्या आखातावर आणलं. तिथे त्याचं लग्न झालं, जमिनी झाल्या, रेल्वेच्या योजनांत पैसा गुंतला. १८५६मध्ये लष्कर सोडल्यावरही तो पेन्साकोलातच राहिला. स्लेमरने दुसऱ्या दिवशी मागणी फेटाळली. त्याच्याजवळ खलाशी धरून ऐंशीएक माणसं होती, आणि एवढ्या माणसांनिशीही तो किल्ला किती काळ लढवता येईल हे चेस जाणून होता. फोर्ट पिकेन्स संपूर्ण युद्धभर उत्तरेच्याच ताब्यात राहिला.

गेल्या आठवड्यात आपण वेस्ट पॉइंटच्या वर्गमित्रांची फाटाफूट पाहिली. या वेळी त्यांच्यातल्या एका छोट्या गटाकडे वळू. वेस्ट पॉइंटमधून वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्यांना इंजिनीअर दलात जाता येई. पायदळ किंवा घोडदळाच्या वाट्याला सरहद्दीवरच्या ओसाड छावण्या यायच्या, इंजिनीअरांच्या वाट्याला किल्ले, बंदरं, नद्या, दीपगृहं. तटबंदी आणि बांधकाम पाहणारं एक दल होतं, भूमापन आणि नकाशे करणारं दुसरं. दोन्ही दलांत मिळून शंभर अधिकारीही नव्हते आणि जवळपास सगळे एकमेकांना ओळखत. युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांतले पंधराएक जण दक्षिणेकडे गेले, बाकीचे राहिले. पंधरा हा आकडा मोठा नाही. पण ज्या सैन्याकडे सुरुवातीला स्वतःचं इंजिनीअर दलच नव्हतं, त्याचं सगळं काम या मोजक्या माणसांवर उभं राहिलं.

१८१२च्या युद्धात ब्रिटिशांनी थेट वॉशिंग्टन जाळलं. त्यानंतर अमेरिकेने सगळ्या किनाऱ्यावर विटांच्या आणि दगडांच्या किल्ल्यांची साखळी बांधायला घेतली आणि हे काम चार दशकं चाललं. त्यामुळे उत्तरेत जन्मलेले कित्येक तरुण अधिकारी सव्हाना, मोबील, पेन्साकोला, न्यू ऑर्लिन्स इथे वर्षानुवर्षं राहिले. पायदळातला अधिकारी पलटणीबरोबर हलत राही. इंजिनीअर एकाच गावात कंत्राटदारांशी हुज्जत घालत, व्यापाऱ्यांकडे जेवत, त्यांच्या मुलींशी लग्न करत मुरत जाई. १८६१मध्ये त्याला बाजू निवडायची वेळ आली, तेव्हा त्याचा निम्मा निर्णय लष्करी खात्याच्या बदलीच्या हुकमाने आधीच झालेला असे.

मार्टिन ल्यूथर स्मिथ न्यूयॉर्क राज्यातला. भूमापन दलातला हा अधिकारी जॉर्जियाच्या अथेन्स गावचा जावई झाला, फ्लोरिडातल्या एका रेल्वेचं काम त्याने पाहिलं, आणि १८६१च्या एप्रिलमध्ये राजीनामा दिला. पुढे व्हिक्सबर्गभोवतीची जी तटबंदी उत्तरेचा सेनापती ग्रँट याला आठवड्यांमागून आठवडे अडवून बसली, ती स्मिथच्या देखरेखीखाली झाली. वॉल्टर स्टीव्हन्सही न्यूयॉर्कचाच. लुइझियाना आणि टेक्सासच्या किनाऱ्यावर नोकरी केलेला हा अधिकारी लुइझियानातल्या घराण्याचा जावई होता. युद्धाच्या शेवटच्या वर्षात तो दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याच्या सैन्याचा मुख्य इंजिनीअर झाला. डॅनव्हिल लेडबेटर तर मेन राज्यात, देशाच्या पार उत्तर टोकाला जन्मलेला. तो अलाबामाचा झाला.

आता उलट दिशेची माणसं पाहू. व्हर्जिनियातल्या नॉरफोकचा जॉन न्यूटन, ज्याचे वडील अनेक वर्षं त्याच राज्याचे काँग्रेस सदस्य होते, तो उत्तरेकडे राहिला आणि गेटिसबर्गच्या लढाईत एका कोअरचं नेतृत्व त्याच्याकडे आलं. विल्यम क्रेगहिलही व्हर्जिनियाचा, तोही राहिला. मॉंटगोमेरी मेग्ज जन्माने जॉर्जियाचा, पण फिलाडेल्फियात वाढलेला. वॉशिंग्टनचा जलवाहिनी प्रकल्प आणि संसदभवनाचा विस्तार ही त्याची कामं. दक्षिणेकडे जायचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही, आणि जे गेले त्यांना त्याने कधी क्षमाही केली नाही.

जाणाऱ्यांचं समर्थन नेहमी एकाच वाक्यावर येऊन थांबतं : माझं राज्य गेलं, मग मी काय करणार? व्हर्जिनियाच्या लीच्या बाबतीत हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की त्याच्यापुढे दुसरी वाटच नव्हती असं वाटू लागतं. १८२९च्या तुकडीत दुसरा आलेला ली पंचवीस वर्षं इंजिनीअर होता आणि मग घोडदळात गेला. १८ एप्रिल १८६१ रोजी त्याला उत्तरेच्या मोठ्या सैन्याचं सेनापतिपद देऊ करण्यात आलं. २० एप्रिलला त्याने राजीनामा दिला. राज्यांनी फुटून जाणं त्याला स्वतःला मान्य नव्हतं, हे त्याच्या पत्रांतून दिसतं. पण न्यूटनचं राज्यही तेच होतं, क्रेगहिलचंही तेच. वाट होती, आणि त्या वाटेने त्याच्याच दलातले, त्याच्याच मातीतले लोक चालून गेले. लीच्या निर्णयाबद्दल आदराने लिहिणाऱ्यांनी या दोघांसाठीही चार ओळी राखून ठेवायला हव्यात.

१८३७मध्ये ली आणि मेग्ज एकाच मोहिमेवर सेंट लुइसला गेले होते. मिसिसिपी नदी प्रवाह बदलत होती, गाळाची बेटं वाढून शहराचं बंदर बुजायला आलं होतं. ली तिशीचा, मेग्ज एकवीस वर्षांचा. दोघांनी मिळून नदी मोजली, नकाशे केले. सत्तावीस वर्षांनी, १८६४मध्ये, उत्तरेच्या सैन्याचा पुरवठाप्रमुख असलेल्या मेग्जला मृत सैनिकांसाठी जमीन हवी होती. त्याने लीच्या कुटुंबाची आर्लिंग्टनची मळाजमीन निवडली आणि घराच्या अगदी जवळ, बागेच्या कडेने कबरी खोदायला लावल्या. ते घर पुन्हा राहण्याजोगं उरू नये हा त्याचा हेतू होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचा मुलगा, तोही इंजिनीअर अधिकारी, शेनांडोआ खोऱ्यात मारला गेला.

सान फ्रान्सिस्कोत १८६१च्या वसंतात याच दलातले आणखी तिघे होते. ओहायोचा जेम्स मॅकफर्सन अल्काट्राझ बेटाची तटबंदी पाहत होता. नॉर्थ कॅरोलायनाचा जेरेमी गिल्मरही तिथेच कामाला होता. आणि जॉर्जियाचा पंचविशीचा एडवर्ड पोर्टर अलेक्झांडर वायव्येतल्या ठाण्यावरून परतताना तिथे पोचला. अलेक्झांडरने पुढे आठवणींत लिहिलं आहे की मॅकफर्सनने त्याला थांबवायचा मनापासून प्रयत्न केला. पश्चिम किनाऱ्यावरच राहा, इथल्या कामामुळे तुला लढाईवर जावं लागणार नाही, हा प्रदेश वाढणार आहे, तूही त्याच्याबरोबर वाढशील, आणि दक्षिण ही लढाई जिंकू शकत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. अलेक्झांडरला ते पटलंही. पण आपली माणसं लढायला उभी असताना आपण दूर राहिलो तर ती आपल्याला भित्रा म्हणतील, या एका विचाराने तो निघाला. गेटिसबर्गच्या तिसऱ्या दिवशी पिकेटच्या हल्ल्याआधीच्या तोफखान्याची सूत्रं त्याच्याकडे होती. गिल्मर दक्षिणेच्या इंजिनीअर खात्याचा प्रमुख झाला आणि अटलांटाची तटबंदी त्याच्या खात्याच्या देखरेखीखाली उभी राहिली. त्या शहरावर चालून गेलेल्या सैन्यांपैकी एकाचा सेनापती होता मॅकफर्सन. २२ जुलै १८६४ रोजी तो अटलांटाबाहेर मारला गेला.

काहींचा निर्णय तर तोफा डागत असतानाच पक्व होत होता. युद्धाला जिथे तोंड फुटलं त्या फोर्ट समटरवर १२ एप्रिल १८६१ला पहिला गोळा पडला तेव्हा आतल्या अधिकाऱ्यांत रिचर्ड किडर मीड नावाचा व्हर्जिनियाचा तरुण इंजिनीअर होता. तो संघराज्याच्या झेंड्याखाली शेवटपर्यंत लढला. बाहेरून हल्ला चढवणारा बोरगार्डही मुळात इंजिनीअरच. किल्ला पडला, चार दिवसांत व्हर्जिनिया फुटलं आणि मीड दक्षिणेला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी तो मरण पावला.

इंजिनीअरांच्या फाटाफुटीची खरी परीक्षा झाली ती सव्हानाजवळच्या फोर्ट पुलास्कीला. लीची पहिली नेमणूक इथलीच. १८२९मध्ये कॉकस्पर बेटाच्या दलदलीत पाणी काढून देण्याचे चर आणि बांध त्याने घातले. बांधकाम मोठ्या प्रमाणात पूर्ण केलं जोसेफ मॅन्सफील्डने, जो पुढे उत्तरेच्या बाजूने अँटिएटमच्या लढाईत पडला. साडेसात फूट जाडीच्या विटांच्या भिंती. समोरचं टायबी बेट दीड किलोमीटरहून थोडं लांब. गुळगुळीत नळीच्या तोफांचा गोळा एवढ्या अंतरावर भिंतीला खरचटण्यापलीकडे काही करत नसे. १८६१च्या अखेरीस किनाऱ्याच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या लीने किल्लेदार ऑल्मस्टेडला हेच सांगितलं : गोळे आत पडतील, पण भिंत फुटणार नाही. उत्तरेचा मुख्य इंजिनीअर जोसेफ टॉटनचंही मत तेच होतं. शत्रू झालेले हे दोघे एकाच शिक्षणाच्या जोरावर बोलत होते.

कॅप्टन क्विन्सी गिलमोर त्यांच्यापेक्षा खूप तरुण होता, १८४९च्या तुकडीत पहिला आलेला. तोफेच्या नळीला आतून पेचदार खाचा पाडल्या की लांबट गोळा स्वतःभोवती फिरत जातो, त्याची दिशा ढळत नाही आणि तो भिंतीत खोल घुसतो. अशा तोफा तेव्हा नव्या होत्या, गिलमोरने त्यांचा अभ्यास केला होता. त्याच्या माणसांनी रात्रीच्या अंधारात, आवाज न करता, दलदलीतून त्या ओढत नेल्या आणि टायबीच्या वाळूत ३६ तोफा व उखळी तोफा मांडल्या. १० एप्रिल १८६२ रोजी सकाळी मारा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आग्नेय कोपऱ्याला मोठं खिंडार पडलं आणि गोळे त्यातून थेट पलीकडच्या दारूकोठाराच्या दिशेने जाऊ लागले. कोठार उडालं असतं तर सगळा किल्लाच गेला असता. ऑल्मस्टेड शरण आला. चाळीस वर्षं देशातल्या सर्वांत हुशार मुलांना ज्या किल्ल्यांचं शास्त्र शिकवलं, ते तीस तासांत जुनं झालं.

या किल्ल्यांच्या विटा कुणी रचल्या, हेही सांगायला हवं. फोर्ट पिकेन्सचं बहुतेक काम मालकांकडून भाड्याने घेतलेल्या गुलामांनी केलं होतं. मजुरीचे पैसे मालकाला मिळत. चेस धक्क्यावर गहिवरून गेल्याला दोन महिने होतात न होतात तोच, १२ मार्च १८६१ला, चार पळालेले गुलाम त्याच किल्ल्यावर आले. संघराज्याचे सैनिक आपल्याला मुक्त करायलाच इथे आलेत असं त्यांना वाटलं होतं. स्लेमरने त्यांना पेन्साकोलाला नेऊन शहराच्या अधिकाऱ्याच्या हवाली केलं. त्याच रात्री आणखी चौघे आले, त्यांचीही तीच गत झाली. बाजू निवडण्याचा हक्क तेव्हा कुणाला होता आणि कुणाला नव्हता, हे या नोंदीइतकं स्पष्ट फार कमी ठिकाणी दिसतं. पण माणसं येत राहिली, इतर किल्ल्यांवरही, आणि त्यांच्या येण्यानेच उत्तरेच्या सरकारला हळूहळू भूमिका बदलावी लागली. १८७३मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केला, ते या गुलामीविरुद्ध झटलेले लोक.

युद्ध संपल्यावर दक्षिणेकडून परत आलेल्यांना इंजिनीअर दलाचं दार बंदच राहिलं. गिल्मर सव्हानात गॅस कंपनी चालवू लागला, बोरगार्ड आणि अलेक्झांडर रेल्वेत गेले. न्यूटन मात्र दलातच राहिला. न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये हेल गेट नावाच्या अरुंद खाडीत जहाजं फोडणारा खडक होता. न्यूटनने त्याच्या पोटात बोगदे खोदून स्फोटकं भरली आणि १० ऑक्टोबर १८८५ रोजी फ्लड रॉक उडवला. तेव्हा तो सगळ्या दलाचा प्रमुख होता. दहा वर्षांनी त्याच पदावर क्रेगहिल बसला.

पुढच्या लेखांकात नकाशे. व्हर्जिनियात लढणाऱ्या दोन्ही सैन्यांकडे व्हर्जिनियाचा धड नकाशा नव्हता. दक्षिणेकडे ते काम जेडेडाया हॉचकिस नावाच्या एका शाळामास्तराकडे आलं. हा मास्तर मूळचा न्यूयॉर्कचा.