वाहनातील ध्वनिसंचाच्या विद्युत जोडण्यांचे रोधन

मोटारगाडीत बसविलेल्या ध्वनिसंचाला (कार स्टिरिओ, अ‍ॅम्प्लिफायर इत्यादी) वीज पुरविणाऱ्या तारांचे सांधे व उघडी टोके विद्युतरोधक आवरणाने झाकण्याच्या कामास विद्युत जोडण्यांचे रोधन म्हणतात. उघडा धातू गाडीच्या सांगाड्याला टेकून शॉर्टसर्किट होऊ नये, हा त्याचा मुख्य उद्देश होय. ऊन, पाणी, घर्षण आणि उंदीर यांमुळे आवरण खराब होते. म्हणून रोधनाची साधने निवडताना स्थानिक परिस्थितीचाही विचार करावा लागतो.

धोक्याचे स्वरूप

मोटारीच्या बॅटरीचा विद्युतदाब साधारणतः १२ व्होल्ट असतो. इतक्या दाबाने कोरड्या हाताला झटका जाणवत नाही, त्यामुळे हे काम निर्धोक असल्याचा समज आढळतो. प्रत्यक्षात येथे धोका झटक्याचा नसून आगीचा असतो. शिसे-आम्ल बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प असतो. बॅटरी व तार यांचा एकूण रोध ०.०२ ओहम धरल्यास, ओहमच्या नियमानुसार शॉर्टसर्किटच्या वेळी १२ ÷ ०.०२ म्हणजे ६०० अँपियर प्रवाह वाहू शकतो. अशा प्रवाहाने बारीक तार काही क्षणांत लालबुंद होते व तिच्यावरील प्लास्टिक पेट घेते.

बहुतेक मोटारींत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. त्यामुळे धन तारेचा उघडा भाग पत्र्याला कोठेही लागला, तरी परिपथ पूर्ण होतो. संचामागील तारांपैकी पिवळी तार सहसा थेट बॅटरीकडून, लाल तार किल्लीच्या स्विचमधून येते आणि काळी तार सांगाड्याला जोडतात. किल्ली काढल्यानंतरही पिवळ्या तारेत वीज असते. म्हणून उभ्या गाडीतही आग लागू शकते.

ढिला सांधा हे आगीचे दुसरे कारण होय. सांध्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध इतकी असते. ०.१ ओहम रोधाच्या सांध्यातून ३० अँपियर प्रवाह गेल्यास तेथे ९० वॅट उष्णता निर्माण होते. साधी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. प्रवाह वाढलेला नसल्याने अशा वेळी फ्यूज उडत नाही. म्हणून आधी सांधा घट्ट आणि मग आवरण, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

फ्यूजचे स्थान

फ्यूज हा मुख्यतः तारेचे रक्षण करतो. बॅटरी व फ्यूज यांमधील तारेला कोणतेही संरक्षण नसते. त्यामुळे फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, साधारणतः ४५ सेंटिमीटरच्या आत बसविण्याचा प्रघात आहे. त्याची क्षमता तारेला सोसणाऱ्या प्रवाहापेक्षा अधिक नसावी. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चंदेरी कागद लावल्यास हे संरक्षण नाहीसे होते.

रोधनाची साधने

• टेप : पीव्हीसीची टेप स्वस्त व सुलभ असते, परंतु उष्णतेने तिचा गोंद पातळ होऊन टेप सुटते. मुख्य सांध्यावर केवळ टेपवर विसंबणे योग्य नसते.
• श्रिंक स्लीव्ह : गरम हवेने आकसून सांध्यावर घट्ट बसणारी नळी. ती सांधा करण्यापूर्वीच तारेवर सरकवून ठेवावी लागते. ओलाव्याच्या जागी आतून गोंद असलेली स्लीव्ह वापरतात.
• लग व रबरी टोपी : तारेचे टोक लगमध्ये दाबून बसवितात (क्रिंपिंग). बॅटरीच्या धन टोकावर रबरी टोपी घालतात.
• ग्रोमेट : तार पत्र्याच्या छिद्रातून नेताना कडेने कापली जाऊ नये म्हणून बसविलेले रबरी कडे.
• नालीदार नळी : इंजिनाच्या कप्प्यातील तारेला घर्षण व उष्णता यांपासून वाचविणारे बाह्य आवरण.

जोडणीचा क्रम

कामापूर्वी बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवितात. धन टोक आधी सोडविताना पाना पत्र्याला टेकला, तर पान्यातूनच शॉर्टसर्किट होते. तार ओढून झाल्यावर सांधे दाबून त्यांवर स्लीव्ह चढवितात आणि हलक्या हाताने ओढून पाहतात. फ्यूज सर्वांत शेवटी बसवितात; ऋण टोकही शेवटीच जोडतात. न वापरलेल्या तारांची टोके प्रत्येकी स्वतंत्रपणे झाकणे आवश्यक असते.

गोंदिया जिल्ह्यातील परिस्थिती

महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. येथे मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत ते त्याहून बरेच अधिक असते. अशा उष्णतेत टेपचा गोंद लवकर निकामी होतो. पावसाळ्यातील दीर्घ ओलाव्याने उघड्या तांब्यावर हिरवट थर चढून सांध्याचा रोध वाढतो. भात हे जिल्ह्याचे प्रमुख पीक असून भातगिरण्यांची संख्याही मोठी आहे. धान्याजवळ उंदीर असतात आणि उभ्या गाड्यांतील तारा ते कुरतडतात. त्यामुळे उन्हाळ्याच्या प्रारंभी व पावसाळ्यानंतर सांधे तपासणे उपयुक्त ठरते. जळका वास, गरम लागणारी तार, वारंवार उडणारा फ्यूज किंवा मधूनच बंद पडणारा संच ही रोधन अथवा सांधा बिघडल्याची लक्षणे होत. अशा वेळी जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासणी होईपर्यंत संचाचा मुख्य फ्यूज काढून ठेवणे सुरक्षित असते.