अभ्रक : इस्त्रीपासून आयशॅडोपर्यंत

परवा घरची इस्त्री बंद पडली. दुरुस्तीवाल्या काकांनी ती उघडली, तर आतून काचेसारखं चकाकणारं पातळ पान निघालं. "हा अभ्रक. तापणारी तार यावरच गुंडाळतात. हा नसता तर इस्त्रीला हात लावताच शॉक बसला असता," काका म्हणाले.

'अभ्र' म्हणजे ढग, आकाश, त्यावरून अभ्रक. इंग्रजीतला 'मायका' लॅटिनमधून आला. तिथे त्याचा अर्थ कण, चुरा. मला दोन्ही नावं पटली. अभ्रकाचे नखानं सोलावेत असे पापुद्रे निघतात आणि चुरा बोटांवर चमकत राहतो. तो उष्णता सोसतो, वीज मात्र आरपार जाऊ देत नाही. गंमत म्हणजे टेबलावरच्या सनमायकात अभ्रक नसतोच; ते राळेत भिजवलेल्या कागदांचे थर! अशा पत्र्यांपैकी 'फॉर्मायका' १९१३ च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या कामासाठी अभ्रकाऐवजी निघाला. नावात तेवढा मायका उरला.

खरा अभ्रक आज लिपस्टिक, आयशॅडो आणि गाड्यांच्या रंगातही असतो. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह भागात १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर बऱ्याच खाणी बंद पडल्या, पण गरीब कुटुंबं अजूनही अभ्रकाचे तुकडे वेचतात. तिथे त्यांना 'ढिबरा' म्हणतात. वेचणाऱ्यांत शाळेच्या वयाची मुलंही असतात. कधी माती कोसळते आणि मुलं आतच गाडली जातात.

माझ्याही पर्समध्ये आयशॅडोची एक डबी आहे. तिच्यातली चमक कुठून आली, हे मी दुकानात कधी विचारलं नव्हतं. आता विचारते. तुम्हीही विचारा.