चार की पाच? जुन्या गिअरबॉक्सच्या तेलाचा मागोवा

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. खासगी पद्मिन्या मात्र अजून काहींच्या दारात उभ्या आहेत, आणि त्यांच्यासोबत एक जुना वादही टिकून आहे. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ तेल घालायचं की जीएल-५? दुकानदार बहुधा पाचचा डबा पुढे करतो. आकडा मोठा, किंमत जास्त, म्हणजे माल भारी. हा हिशेब कुठे चुकतो हे कळायला जवळपास शंभर वर्षं मागे जावं लागतं.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल, दोन्हींचं साध्या जाडसर खनिज तेलावर भागायचं. मग १९२६ साली अमेरिकेत पॅकार्डने हायपॉइड डिफरन्शियल आणलं. त्यात पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, म्हणून गाडीचा तळ खाली घेता येतो. पण त्यात दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात, आणि साधं तेल मधून पिळून निघतं. उपाय म्हणून तेलात गंधकाची संयुगं आली. धातू तापला की ती लोखंडावर पातळ थर धरतात. झिजायचं ते तो थर झिजतो, दात वाचतात.

दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. इथली गरज नेमकी उलटी. पितळी रिंग गिअरच्या शंकूला धरते, दोघांचा वेग जुळवते, मगच गिअर पडतो. रिंग घसरली तर वेग जुळत नाही आणि गिअर करकरतो. म्हणजे डिफरन्शियलला निसरडेपणा हवा आणि गिअरबॉक्सला पकड. जीएल-४ आणि जीएल-५ चा सगळा घोळ इथून सुरू होतो.

पुढची पावलं मुख्यतः अमेरिकी लष्कराच्या गरजेने पडली. १९४६ चं त्यांचं तेलाचं मानक ढोबळमानाने आजच्या जीएल-४ च्या जवळचं, तर १९६२ चं सुधारित मानक जीएल-५ च्या. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या जीएल वर्गवारीत हे आकडे रूढ झाले. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा चारच्या साधारण दुप्पट. त्याच्या कसोट्या हायपॉइड अ‍ॅक्सलच्या आहेत, सिंक्रो रिंगच्या नाहीत. पाच ही चारची सुधारलेली आवृत्ती नव्हेच. ते दुसऱ्या कामाचं तेल आहे.

‘पाच नंबर पितळ खातं’ असं मिस्त्री सांगतात. जुन्या गंधकी मिश्रणांबाबत ते खरंच होतं. आता तांब्याची पट्टी १२१ अंश सेल्सिअसला तीन तास तेलात बुडवून तपासतात, आणि चांगली जीएल-५ तेलं त्यात पास होतात. त्यामुळे ही भीती अर्धी शिळी झाली आहे. निसरडेपणाची अडचण मात्र तशीच आहे. डब्यावर दोन्ही आकडे छापलेले असले तरी मी ते तेल जुन्या सिंक्रो गिअरबॉक्सला घालणार नाही.

जाडीच्या आकड्यांचीही अशीच गंमत. गिअर ऑइलचं ९० म्हणजे इंजिन ऑइलच्या ५० पेक्षा जवळपास दुप्पट दाट, असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंशांवर ९० नंबरचं गिअर ऑइल इंजिनाच्या ४० ते ५० च्या आसपासच भरतं. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्सला तर २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच चालतं. त्यात २००५ मध्ये ९० चा जुना, ऐसपैस पट्टा तोडून वरच्या भागाला ११० हा नवा आकडा दिला गेला. जुन्या पुस्तिकेतलं ९० आजच्या ९० पेक्षा बरंच दाट असू शकायचं, ते यामुळे.

आपल्याकडे एक सोय आहे. ट्रक-ट्रॅक्टरमुळे जीएल-४ दर्जाचं ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर) ९० अजून सहज मिळतं. कुर्ल्यात बनलेल्या त्या पद्मिनीला, आपल्या उन्हात, महागड्या पातळ सिंथेटिकपेक्षा तेच बरं. पातळ तेल जुन्या सील-गॅस्केटमधून पाझरत राहतं. आणखी एक. स्टिअरिंगजवळच्या दांडीचा गिअर अडतो तेव्हा दोष पुष्कळदा तेलाचा नसतो, लिंकेजचे बुश झिजलेले असतात. ते आधी बघा, तेलाला नंतर बोल लावा.

तेल बदलणार असाल तर कंपनीच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचं पान वेगवेगळं वाचा. गाडी थोडी फिरवून तेल कोमट करा. आणि खालचा ड्रेन नट उघडण्याआधी वरचा फिलरचा नट सुटतो का ते पाहा. तो गंजून बसला असेल, तर रिकामा झालेला गिअरबॉक्स भरायचा कुठून?